एक हीटर जास्त

रात्रीचे साडेनऊ, आणि पुन्ता अरेनासमध्ये अजून ऊन.
एकतीस डिसेंबर. वारा शटर बडवतोय
उधारी वसूल करायला आल्यासारखा.
दोन्या झ्लाताने ठेवलेला चहा कधीच निवला.
रोजकीर्द उघडी.

सोप्या नोंदी आधी उरकल्या.
विमा ऑक्टोबरात भरला, बारा महिन्यांचा.
तीन महिने जगून झाले, तेवढाच खर्च;
उरलेले नऊ अजून आपली मालमत्ता.
(हे मी दरवर्षी लिहिते. दरवर्षी जरा थांबते.)
व्हॅनचा घसारा, पाचवं वर्ष, शेवटचा हप्ता.
वहीत आता तिची किंमत शून्य,
आणि परवा सकाळी ती पहिल्या किल्लीला सुरू होणार,
तिला कोण सांगणार.

दोरखंडाची चाळीस वेटोळी
वालपराइसोच्या धक्क्यावर बोटीत चढली
तेव्हाच आमची झाली.
आत्ता कुठल्या खाडीत असतील, धुक्यात, ओली,
तरी धरायची.
आणि रंगवाल्याने नुसते विकायला ठेवलेले डबे
डोळ्यांसमोर आहेत, ते सोडायचे.

मग मोजणी. एलिसेओ शिडीवर, मी खाली.
खिळे कमी भरले. खिळे कमीच भरतात.
बिजागऱ्या दोन कमी, कंदिलाच्या काचा तीन.
तुटीची सवय आहे, तुटीला खातं आहे.
पण रॉकेलचे हीटर वहीत सहा
आणि फळीवर सात.

पुन्हा मोज. सात.
खाली ये, मी मोजते.
सात.

जास्त निघालेल्या मालाला कोण घाबरतं?
मी घाबरते. जास्त म्हणजे
कुणीतरी काहीतरी लिहिलेलं नाही.

सातव्या खोक्याची पट्टी
एकदा सोडून पुन्हा चिकटवलेली होती.
एलिसेओ म्हणाला, ओलिंदा बार्रियाचा.
जुलैत नवऱ्याने घेतला, खेकड्यांच्या बोटीवर जाण्याआधी.
ऑगस्टात ती घेऊन आली, पेटवलेला नाही,
घर सोडून बहिणीकडे निघाली होती.
एकेचाळिसावा दिवस. भिंतीवर पाटी आहे, तीस दिवस.
मग?
मग दिले तिला पैसे.
कुठून?
त्याने कानावरची पेन्सिल काढली,
पुन्हा कानावर ठेवली.

अरे, विकून टाकायचास, पैसे सुटले असते तुझे.
पावती कशी फाडणार, म्हणाला, वहीत सहाच होते.

विक्री परत खाते, नावे ४८,९००
        एलिसेओ नावेलकीनच्या खात्याला ४८,९००
(एकेचाळिसाव्या दिवशी माल परत घेतल्याबद्दल)

मालसाठा खाते, नावे ३१,५००
        विकलेल्या मालाच्या खर्च खात्याला ३१,५००
(हीटर न पेटवता परत आल्याबद्दल)

कंसात कारण द्यायचं, एका ओळीत,
शेवटी ‘बद्दल’. एवढीच जागा असते.
मी बोटीबद्दल लिहू शकत नाही,
आणि चार महिने तो काय खात होता याबद्दलही.

सोमवार, मंगळवार, बुधवार:
त्याची मजुरी, शुक्रवारी द्यायची, आजच धरायची.
देण्यांच्या यादीत त्याचं नाव
लागोपाठ दोनदा आलं.

दोन्या झ्लाताने चष्मा लावून सगळं वाचलं,
बोट एका आकड्यावर ठेवून थांबली.
एकेचाळीस?
एकेचाळीस.
तीस म्हणजे तीस, ती म्हणाली, आणि सही केली.
गल्ल्यातून नोटा मोजल्या, दोनदा,
वर पावती मागितली त्याच्याकडून.

मी तीही नोंद केली.
तेरीज जुळली. विक्रीचं खातं मिटवलं,
वर्षभर फुगलेलं, एका ओळीत रिकामं.

सव्वादहाला दिवा लावावा लागला.
एलिसेओने सातवा हीटर फळीवर पुढे ओढला,
खोक्यावर फुंकर मारली.
धूळ माझ्या वहीवर.